भातखाचरातले बंड

१९४४ साली तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडीत जमीनदार, शेतमजुरांचे पुढारी आणि सरकारी अधिकारी समोरासमोर बसले आणि त्यांच्यात एक करार झाला. शेतमजुराला चाबकाने फोडून काढणे आणि शिक्षा म्हणून शेण कालवलेले पाणी पाजणे, या दोन गोष्टी यापुढे करणार नाही असे जमीनदारांनी त्या करारात कबूल केले. ज्या गोष्टी थांबवायला वाटाघाटी कराव्या लागल्या, त्या किती सर्रास चालत असतील याची कल्पना त्यावरून यावी.

पुढे चार वर्षांत देश स्वतंत्र झाला आणि याच तालुक्यांतल्या काही माणसांनी स्वतंत्र भारताच्या सरकारविरुद्ध हत्यार उचलले. तेलंगणातला लढा आपल्याकडे बऱ्यापैकी माहीत आहे. मराठवाडा हैदराबाद संस्थानातच असल्याने त्याच्या हकिगती आपल्या घराघरांत पोचल्या. तंजावर म्हटले की मराठी माणसाला मात्र व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या देवळातला शिलालेख एवढेच आठवते. त्या शहराच्या पूर्वेला समुद्रापर्यंत पसरलेल्या भातशेतीत १९४८ ते १९५१ या काळात काय घडले, हे फारसे कुणी सांगत नाही. ते सांगण्यासारखे आहे, कारण या बंडात लढाई एकाने जिंकली आणि कायदा दुसऱ्याच्या मागण्यांचा झाला.

पाणी, भात आणि पन्नैयाळ

जुना तंजावर जिल्हा म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश. आजचे तिरुवारूर, नागपट्टिनम आणि मयिलाडुतुरै हे जिल्हे त्याच्याच पोटातून नंतर वेगळे निघाले. चोळांच्या काळातला कल्लणै बंधारा पूर्वीपासून होता, त्यात १९३४ साली मेट्टूरचे धरण झाले. मद्रास इलाख्याचे भाताचे कोठार अशी या जिल्ह्याची ख्याती होती.

पण कोठार भरणारे वेगळे आणि त्याच्या किल्ल्या बाळगणारे वेगळे. जमीन मोजायची ती ‘वेली’त, एक वेली म्हणजे सुमारे पावणेसात एकर. वडपादिमंगलम, कुन्नियूर, कपिस्थलम इथल्या घराण्यांकडे अशा शेकड्याने वेली होत्या. त्यांच्या जोडीला शैव मठ आणि देवस्थाने होती. मराठा राजांनी बांधलेल्या छत्रांनाही जमिनी लावून दिलेल्या होत्या. बडे मिरासदार पुष्कळदा गावात राहतही नसत, त्यांचा कारभारी सगळे बघे. सरकारी वेठ नव्हे, सावकारी पाश नव्हे, तर या दोहोंची सरमिसळ असलेली एक पद्धत पूर्व तंजावरात रुजलेली होती. तिच्या तळाशी होता पन्नैयाळ.

पन्नैयाळ म्हणजे आपल्याकडचा सालगडी म्हणता येईल, पण सालगड्याचे साल संपते. पन्नैयाळाचे संपत नसे. लग्नाला, आजारपणाला घेतलेले कर्ज त्याच्या मानेवर असे आणि बापाचे कर्ज मुलाकडे येई. पल्लर आणि परैयर या अस्पृश्य मानलेल्या जातींतली ही माणसे होती. मजुरी भातात मिळे आणि ती ‘मरक्काल’ या मापाने मोजली जाई. बारा मरक्कालांचा एक ‘कलम’. मापात पाप ही तर नेहमीची तक्रार. देताना एक माप आणि घेताना दुसरे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पन्नैयाळाची झोपडी मिरासदाराच्या जागेवर असे. काम सोडले तर घर गेले. बंड समजून घ्यायचे तर ही झोपडीखालची जमीन ध्यानात ठेवायला हवी; तिचा संबंध शेवटपर्यंत येतो.

१९४३ मध्ये बी. श्रीनिवास राव हे कम्युनिस्ट कार्यकर्ते इथे आले. मातृभाषा कन्नड, जातीने ब्राह्मण, तमिळ नंतर शिकलेले. मन्नारगुडीजवळच्या तेनपरै गावात, जिथली जमीन एका मठाची होती, तिथे त्यांनी किसान सभेची शाखा काढली. ते दलित वस्तीत राहत, तिथेच जेवत. त्यांचे सांगणे साधे होते: तुम्हालाही आईनेच जन्म दिला आहे, कुणी मारले तर उलट मारा. याच सुमाराला आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर वारल्यांना लग्नाच्या कर्जापायी ‘लग्नगडी’ म्हणून राबण्याच्या वेठीतून सोडवण्यासाठी पाड्यापाड्यांवर हिंडत होते. दोन्हीकडे पहिली मागणी जमिनीची नव्हतीच. अंगावर हात टाकू नका, ही होती. मन्नारगुडीचा करार तिच्यातून झाला.

मत नसलेली माणसे, एका पक्षाचे राज्य

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत आणि मद्रासमध्ये काँग्रेसचे सरकार होते. कायद्याने इतर पक्षांना मज्जाव नव्हता, तेव्हा याला शब्दशः एकपक्षीय राजवट म्हणता येणार नाही. राजकीय अभ्यासक रजनी कोठारी यांनी पुढे याला ‘काँग्रेस व्यवस्था’ असे नाव दिले: पक्ष अनेक, पण सत्तेची सूत्रे एकाकडे, आणि विरोधही बराचसा त्याच्याच पोटात. पण १९४८ साली पन्नैयाळाच्या जागी उभे राहून पाहिले, तर हा फरक फारसा दिसला नसता. मद्रासचे विधिमंडळ १९४६ साली निवडलेले होते आणि त्या वेळी मत देण्यासाठी मालमत्ता किंवा शिक्षण लागे. पन्नैयाळाकडे दोन्ही नव्हते. म्हणजे ज्या सरकारचे पोलिस त्याच्या गावात येत, ते निवडण्यात त्याचा काडीचाही वाटा नव्हता.

त्यात तंजावरचे बडे मिरासदार काँग्रेसच्या वळचणीला आलेले होते. कपिस्थलमच्या मूपनार घराण्यातले जी. के. मूपनार पुढे काँग्रेसचे देशपातळीवरचे नेते झाले. मद्रासला मंत्रालयात बसलेला पक्ष आणि बांधावर उभा असलेला मालक हे एकच आहेत, असे मजुराला वाटले तर त्यात नवल नव्हते.

अशा वेळी एका मराठी माणसाचे नाव या गोष्टीत येते. फेब्रुवारी-मार्च १९४८ मध्ये कलकत्त्याला कम्युनिस्ट पक्षाची दुसरी काँग्रेस भरली. तिथे पी. सी. जोशी यांना बाजूला सारून भालचंद्र त्र्यंबक रणदिवे सरचिटणीस झाले. मुंबई विद्यापीठाचे एम. ए., गिरणी आणि रेल्वे कामगारांत मुरलेले, अहिल्या रांगणेकरांचे थोरले भाऊ. त्यांची मांडणी अशी, की मिळालेले स्वातंत्र्य खोटे आहे, नेहरूंचे सरकार भांडवलदार-जमीनदारांचे आहे आणि क्रांतीची वेळ आलेली आहे. शहरांत सार्वत्रिक संप आणि खेड्यांत उठाव, असा तो आराखडा होता.

तो काळच तसा होता. ४ जानेवारी १९४८ ला स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशात मार्च अखेरीस कम्युनिस्टांनी नव्या सरकारविरुद्ध शस्त्र उचलले. जूनमध्ये मलायात ब्रिटिशांनी आणीबाणी पुकारली. सप्टेंबरमध्ये इंडोनेशियात मादियूनचा उठाव झाला आणि चिरडला गेला. वसाहतवाद्यांना घालवून आलेली नवी सरकारे आणि त्यांच्यावर उठलेले कालपर्यंतचे सोबती, हे दृश्य त्या एका वर्षात, अजून ब्रिटिशांच्याच ताब्यातला मलाया सोडला तर, आशियात ठिकठिकाणी दिसत होते.

बंदूक कमी, कोयता जास्त

तंजावरात सशस्त्र उठाव म्हणजे नेमके काय झाले? तेलंगणासारखी दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, इथे उभी राहिली नाहीत. राहणे शक्यही नव्हते. वारल्यांना डोंगर होते, तेलंगणाला जंगल होते. कावेरीच्या मुखाशी सपाट भातखाचरे, कालवे आणि नारळी. मैलभर अंतरावरून येणारा माणूस दिसतो. लपायला पट्टुकोट्टई भागातली वने-बागा आणि मुत्तुपेट्टईजवळची खारफुटी, एवढाच काय तो आडोसा.

म्हणून इथले मुख्य हत्यार होते कोयता, आणि तो कधी खाली ठेवायचा याचे ज्ञान. भाताचे पीक कापणीला आले की मालक अडतो. चार दिवस कापणी थांबली तर दाणे गळतात. कापणी रोखायची, जास्त वाटा मागायचा, बाहेरून आणलेल्या मजुरांना शेतात उतरू द्यायचे नाही, काही ठिकाणी तयार रास उचलून न्यायची, असे लढ्याचे स्वरूप होते. त्याला काठ्या, कोयते आणि क्वचित गावठी बंदुकांची जोड. १९४८ साली पूर्व तंजावरच्या काही गावांत काही आठवडे संघटनेचाच हुकूम चालला. मग पोलिसांच्या तुकड्या आल्या, झोपड्यांची झडती, मारहाण, धरपकड सुरू झाली. दलित शेतमजुरांतून पुढे आलेले कळप्पाळ कुप्पू यांचा त्याच वर्षी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात मृत्यू झाला.

तरीही त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सरकारने मध्यस्थी करून मायवरम येथे मजुरीवाढीचा करार घडवून आणला. एका हाताने दंडुका आणि दुसऱ्या हाताने करार, ही सरकारची रीत तेव्हापासूनच दिसते. १९४९ च्या सप्टेंबरात मद्रास सरकारने कम्युनिस्ट पक्ष बेकायदा ठरवला.

या लढ्याचा एक धागा समुद्रापलीकडे जातो. तंजावरची गरीब माणसे पिढ्यान्‌पिढ्या नागपट्टिनम बंदरातून मलायाच्या रबरमळ्यांवर जात आली होती. पट्टुकोट्टईजवळच्या तंबिकोट्टैचे एस. ए. गणपती हे तिथल्या कामगार महासंघाचे अध्यक्ष झाले. १९४९ साली ते पिस्तुलासह पकडले गेले. आणीबाणीच्या नियमांप्रमाणे विनापरवाना शस्त्र जवळ बाळगणे एवढ्यावर फाशी होती. भारत सरकारने रदबदली केली, तरी ४ मे १९४९ ला क्वालालंपूरच्या पुडू तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. इथे एक विसंगती नजरेत भरते. नेहरूंचे सरकार मलायातल्या ज्या कम्युनिस्टासाठी शब्द टाकत होते, त्याच्या गावाकडच्या कम्युनिस्टांना ते तुरुंगात टाकत होते.

याच भागातला वाट्टाकुडीचा वेंकटाचलम तरुणपणी मलाया-सिंगापूरला गेला, आझाद हिंद फौजेत राहिला आणि परत येऊन ‘इरणियन’ या नावाने शेतमजुरांचा पुढारी बनला. मे १९५० च्या पहिल्या आठवड्यात पोलिसांच्या गोळ्यांनी तो मारला गेला. त्याच्याबरोबर आंबलापट्टूचा आरुमुगम, आणि त्याच सुमाराला जांबवानोडैचा शिवरामन. सुभाषबाबूंच्या फौजेत ब्रिटिशांशी लढलेला माणूस तिरंग्याखालच्या पोलिसांकडून मारला जातो, ही या बंडाची सगळ्यात अवघड जागा. तमिळनाडूच्या किनारपट्टीत दरवर्षी मे महिन्यात या तिघांची आठवण काढली जाते. इरणियनवर १९९९ साली तमिळ चित्रपटही निघाला.

तुरुंग आणि न्यायालय

रानात जे संपत होते ते न्यायालयात वेगळ्या अंगाने सुरू झाले. ११ फेब्रुवारी १९५० रोजी सेलमच्या मध्यवर्ती तुरुंगात कम्युनिस्ट कैद्यांवर गोळीबार झाला. २२ जण ठार झाले. प्रजासत्ताक होऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते.

नव्या राज्यघटनेतील मूलभूत हक्कांचे पहिले मोठे खटले पाहा. ए. के. गोपालन विरुद्ध मद्रास राज्य: विनाचौकशी स्थानबद्धता चालेल का? रोमेश थापर विरुद्ध मद्रास राज्य: ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या साप्ताहिकाला राज्यात बंदी घालता येते का? मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. रो: एखादी संस्था सरकार नुसत्या हुकमाने बेकायदा ठरवू शकते का? तिन्हींत एक बाजू मद्रास सरकारची आणि दुसरी कम्युनिस्टांची किंवा त्यांच्या जवळच्यांची. गोपालन हरले, थापर आणि रो जिंकले. थापर खटल्याचा निकाल सरकारला इतका झोंबला, की जून १९५१ मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती करून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’ची मर्यादा घालण्यात आली. आज आपण भाषणस्वातंत्र्यावर वाद घालतो तेव्हा ज्या कलमाचा आधार घेतो, त्याची सध्याची शब्दरचना या संघर्षाची खूण आहे.

पक्षातही रणदिव्यांचे दिवस भरले होते. ९ मार्च १९४९ च्या रेल्वे संपाची हाक फसली. १९५० मध्ये त्यांची उचलबांगडी झाली. १९५१ च्या आरंभी कॉम्रेड डांगे, अजय घोष, राजेश्वर राव आणि बसवपुन्नय्या गुपचूप मॉस्कोला जाऊन स्टालिनला भेटले. ऑक्टोबर १९५१ मध्ये तेलंगणाचा सशस्त्र लढा मागे घेण्यात आला आणि पक्ष निवडणुकीत उतरला.

मतपेटीने काय केले

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पन्नैयाळाने प्रथमच मत दिले. मद्रास विधानसभेच्या ३७५ जागांपैकी काँग्रेसला १५२ मिळाल्या. बहुमत गेले. कम्युनिस्टांचे ६२ निवडून आले आणि तंजावरच्या पूर्व भागाने त्यांना भरघोस साथ दिली; भूमिगत लढ्यातले मणली कंदस्वामी मन्नारगुडीतून आमदार झाले. बंदुकीने चार वर्षांत एका पक्षाच्या सत्तेला ओरखडाही उठला नव्हता, तो मतपेटीने एका फेरीत उठवला.

काँग्रेसने मग राजाजींना निवृत्तीतून बोलावले. निवडणूक न लढवता, राज्यपालांकरवी विधान परिषदेवर येऊन ते मुख्यमंत्री झाले आणि कम्युनिस्ट हे माझे पहिल्या क्रमांकाचे शत्रू, असे त्यांनी सभागृहातच सांगितले. त्याच राजाजींनी २३ ऑगस्ट १९५२ ला ‘तंजावर कुळे व पन्नैयाळ संरक्षण’ वटहुकूम काढला. एका गावात एक वेलीहून जास्त जमीन असणाऱ्यांना तो लागू होता. कुळाला उत्पन्नाचा किमान दोन-पंचमांश वाटा, पाच वर्षांची हमी, पन्नैयाळाला मनाला येईल तेव्हा काढून टाकण्यास बंदी आणि ठरलेली मजुरी, या गोष्टी त्यात होत्या. म्हणजे ज्यांना शत्रू म्हटले त्यांच्याच मागणीपत्रातला बराचसा मजकूर. १९५६ च्या कायद्याने मालकाचा खंड जास्तीत जास्त ४० टक्क्यांवर आणला.

राजाजींना उपरती झाली होती असे नव्हे. मत असलेला मजूर आणि मत नसलेला मजूर यांच्याशी वागण्याची सरकारची तऱ्हा वेगळी असते, एवढाच त्याचा अर्थ. ब्रह्मदेशाशी तुलना केली की हे स्पष्ट होते. तिथे १९६२ मध्ये ने विन यांनी सत्ता बळकावली आणि १९६४ पर्यंत त्यांच्या पक्षाखेरीज सगळे पक्ष बेकायदा ठरले. १९४८ मध्ये सुरू झालेले तिथले कम्युनिस्ट बंड मग १९८९ पर्यंत धुमसत राहिले. तंजावरचे चार वर्षांत निवले. दोन्ही ठिकाणचे बंडखोर एकाच सुमारास, एकाच भाषेत बोलत उठले होते. फरक पडला तो परतीची वाट उघडी होती की नाही याचा.

कायद्याच्या पळवाटा आणि किळवेणमणी

गोष्ट इथेच संपली असती तर ती लोकशाहीचे गोड उपाख्यान ठरली असती. पण १९५२ च्या वटहुकमाने पन्नैयाळाला काढता येत नाही म्हटल्यावर बऱ्याच मिरासदारांनी पन्नैयाळ ठेवणेच बंद केले. बांधलेला गडी गेला आणि त्याच्या जागी रोजंदारीचा मजूर आला. तो मोकळा होता आणि कामाची हमी नसलेलाही. आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्यानंतर जमीन ‘स्वतः कसतो’ असे दाखवून कुळे उठवली गेली, तोच प्रकार.

१९६० च्या सुमाराला देशातल्या पहिल्या सात सघन शेती जिल्ह्यांत तंजावरची निवड झाली. नवे बियाणे, खत, दुसरे पीक. उत्पन्न वाढले, मजुरी त्या मानाने वाढेना. किसान सभेच्या लाल झेंड्याविरुद्ध मालकांनी भात उत्पादक संघ काढला. १९६७ मध्ये काँग्रेस हरली, द्रमुकचे राज्य आले आणि कम्युनिस्ट पक्षातून फुटून निघालेला मार्क्सवादी पक्ष निवडणुकीत द्रमुकच्या आघाडीत होता. मित्रपक्षाचे सरकार असताना, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री नागपट्टिनमजवळच्या किळवेणमणी गावात मालकांच्या टोळीने दलित वस्तीवर हल्ला केला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेल्या माणसांसकट ती झोपडी पेटवून देण्यात आली. ४४ जण जळून मेले, बहुतेक बायका आणि मुले. भांडण भाताच्या थोड्याशा जादा मापाचे आणि लाल झेंडा उतरवण्याचे होते.

भात उत्पादक संघाचे म्होरके गोपालकृष्ण नायडू आणि इतर काहींना खालच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. इतके मोठे जमीनदार स्वतः पायी चालत जाऊन आग लावतील हे पटत नाही, असा एक तर्क त्या निकालात होता. १९८० मध्ये नक्षलवाद्यांनी नायडूंचा खून केला. इंदिरा पार्थसारथी यांची ‘कुरुदिप्पुनल’ ही साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी या हत्याकांडावर आधारलेली आहे.

किळवेणमणीने एक गोष्ट उघडी पाडली. सरकार बदलले, मत मिळाले, मजुरीचा कायदा झाला, तरी गावातला दंडुका मालकाच्याच हाती होता, कारण झोपडीखालची जमीन त्याची होती. या घटनेनंतर गणपतिया पिल्लै आयोग बसला, १९६९ मध्ये तंजावरसाठी किमान मजुरीचा कायदा आला आणि १९७१ मध्ये ‘कुडियिरुप्पु’ कायद्याने शेतमजुरांना त्यांच्या राहत्या जागेची मालकी मिळाली. चाबूक बंद करण्याच्या मागणीपासून घराच्या जागेपर्यंत पोचायला सत्तावीस वर्षे लागली. पूर्व तंजावर जाणणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांना विचारले, तर जमिनीच्या कमाल मर्यादेच्या कायद्यापेक्षा ते या छोट्या कायद्याचे नाव आधी घेतील. उठ म्हटले की उठावे लागत नाही, ही मोकळीक त्याने दिली.

सशस्त्र बंडाचा हिशेब मांडताना आपण बहुधा दोनच रकाने करतो: यशस्वी आणि फसलेले. तंजावरचे बंड फसले यात शंका नाही. रणदिव्यांचे निदान चुकले. नेहरूंचे सरकार कोलमडणार नव्हते आणि कावेरीकाठचा मजूर त्याला पाडण्यासाठी बाहेर पडलेला नव्हता. त्याला मार नको होता, पुरते माप हवे होते आणि हक्काची जागा हवी होती. पक्षाचे क्रांतीचे वेळापत्रक आणि मजुराची गरज काही काळ एकत्र चालल्या, इतकेच. पण मजुराने पक्षाची संगत सोडली नाही, हेही खरे. नागपट्टिनम लोकसभा मतदारसंघाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कम्युनिस्ट खासदार निवडून दिला आहे. बंगाल-त्रिपुरातले गड ढासळल्यावरही हा कोपरा टिकला, त्याचे कारण सिद्धांतात शोधून सापडणार नाही. पहिल्यांदा आपल्या वस्तीत येऊन जेवले कोण, हे तिथली माणसे विसरलेली नाहीत.